शाखेची निवड आणि पुढील प्रवेशाची वाट

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील शैक्षणिक मार्गदर्शन सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की बाजारपेठेतील प्रत्येक दुकानाच्या गादीवर एकच चर्चा सुरू होते. पूर्वी प्रश्न असे, मुलाला कोणत्या महाविद्यालयात घालावे. आता प्रश्न दुपदरी झाला आहे. हवी ती शाखा आज मिळत नाही. तेव्हा आज मिळेल ती घ्यावी आणि पुढे दुसऱ्या वर्षाला हव्या त्या शाखेत किंवा हव्या त्या महाविद्यालयात सरकावे काय? आणि असे सरकायचेच असेल, तर आज कोणती शाखा घेतल्याने ते सुकर होईल? या प्रश्नात लबाडी काही नाही. व्यापारी समाजाला तर तो सहज सुचणारा आहे. परंतु त्याचे उत्तर बहुतेक घरांतून ऐकीव माहितीवर दिले जाते, आणि त्याची किंमत मुलाच्या आयुष्यातील तीन वर्षे एवढी मोठी असते. म्हणून या विषयाचा थोडा खोलात विचार होणे अगत्याचे आहे.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची स्थिती इतर ग्रामीण भागाहून निराळी आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर चढली, तेव्हापासून येथील माणसाच्या एका हाताला मुंबई आणि दुसऱ्या हाताला पुणे आहे. आज कर्जतला कोंकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, भिवपुरी रोडजवळ तासगावकर समूहाचे आहे, रसायनीला पिल्लई एच.ओ.सी. महाविद्यालय आहे, पेणला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि याच जिल्ह्यात माणगाव तालुक्यात लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. म्हणजे दार बंद आहे अशी तक्रार करण्यास जागा नाही. तरीही मुंबईच्या नामांकित महाविद्यालयाची आणि संगणक शाखेची ओढ सुटत नाही, आणि त्या ओढीतूनच हा दुसऱ्या दाराचा विचार जन्मास येतो.

हे दुसरे दार म्हणजे अभियांत्रिकी पदवीचा थेट द्वितीय वर्षातील प्रवेश. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, म्हणजे डिप्लोमा, पूर्ण केलेला विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षात न बसता एकदम दुसऱ्या वर्षात जातो. त्याला बारावीनंतरची सीईटी द्यावी लागत नाही. पदविकेच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत केंद्रीभूत पद्धतीने जागा वाटल्या जातात. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. पात्रता आणि प्रवेश यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जागा येतात दोन ठिकाणांहून. मंजूर प्रवेशसंख्येच्या ठरावीक टक्के जागा यासाठी अधिक दिलेल्या असतात, आणि पहिल्या वर्षात ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्याही यात मिळतात. यातील दुसरा भागच खरा समजून घेण्यासारखा आहे. रिकामी जागा कोठे राहते? ज्या शाखेस मागणी नाही तेथे. मुंबईच्या चांगल्या महाविद्यालयात संगणक शाखेची जागा सहसा रिकामी राहत नाही. तेथे मिळणार त्या अधिकच्या मोजक्या जागा, आणि त्यांवर राज्यभरातील उत्तमोत्तम पदविकाधारकांची दृष्टी.

पूर्वी आणखी एक बंधन होते. पदविकेची शाखा आणि पदवीची शाखा यांचा मेळ असावा लागे. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्याने संगणकात जाऊ म्हटले तर वाट नव्हती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ च्या सुमारास हे बंधन सैल केले. पदविका अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेची चालेल आणि उणीव भरून काढण्यासाठी विद्यापीठांनी पूरक अभ्यासक्रम द्यावेत, असे ठरले. तेव्हापासून घरोघरी नवे गणित मांडले जाऊ लागले. चांगल्या शासकीय तंत्रनिकेतनात सिव्हिल किंवा मेकॅनिकल सहज मिळते, फी कमी आहे, तेथे टक्के मिळवावे आणि पुढे संगणक गाठावा.

हे गणित चुकीचे नाही. पण ते मांडणारा बाप असतो आणि सोडविणारा मुलगा असतो.

खोपोलीतील भांड्यांच्या एका दुकानदाराच्या मुलाची हकिगत या दृष्टीने बोलकी आहे. दहावीला गुण चांगले. शासकीय तंत्रनिकेतनात संगणक शाखा थोडक्यात हुकली, मेकॅनिकल मिळाली. घरात ठरले की तीन वर्षे काढायची आणि मग संगणक. पहिल्या दिवसापासून त्या मुलाने आपल्या शाखेकडे धर्मशाळा म्हणून पाहिले. येथे राहायचे नाही, मग सामान कशाला सोडायचे? अभियांत्रिकी चित्रकलेचे कागद दुसऱ्याचे पाहून पुरे केले, कार्यशाळेत हात काळे केले नाहीत, संध्याकाळी मोबाइलवर संगणकाचे धडे पाहिले. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले. टक्के घसरले, आणि ज्या टक्क्यांच्या बळावर शाखा सोडायची होती तेच बळ गेले. शेवटी त्यास द्वितीय वर्षात मेकॅनिकलच घ्यावे लागले, तेही पाया कच्चा ठेवून. शाखा बदलण्याचा मार्ग त्याच शाखेच्या अभ्यासातून जातो, ही साधी गोष्ट त्या घरात त्याला कोणी सांगितली नव्हती. दोष केवळ मुलाला देणे अन्यायाचे होईल. 'हे आपले नव्हे' हे वाक्य त्याच्या कानी घरातूनच पडत होते.

याच सुमारास नेरळकडील एका मुलीने सिव्हिलची पदविका मन लावून केली. मोजणीच्या सरावास उन्हात उभी राहिली, टक्के नव्वदीच्या पुढे नेले. नियम बदललेला असल्याने तिला ठाण्याच्या बाजूस संगणक शाखा मिळाली. येथपर्यंतची कथा पेढे वाटण्याजोगी आहे, आणि ते वाटलेही गेले. परंतु प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत वर्ग सुरू होऊन बरेच दिवस लोटले होते. पहिल्या वर्षाचे गणिताचे दोन पेपर जिने कधी दिले नाहीत, तिच्यापुढे एकदम तिसऱ्या सत्राचे गणित आले. प्रोग्रामिंग नवे, सोबती एक वर्ष पुढे, आणि रोज पहाटेची लोकल. पहिल्याच सत्रात तिला गणितात केटी लागली. ती तिने पुढे सोडविली. तरी ते सहा महिने त्या घराने कसे काढले, ते पेढे खाणाऱ्यांस ठाऊक नाही. थेट द्वितीय वर्षाचा विचार करणाऱ्याने पदविकेच्या शेवटच्या सुटीत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित स्वतः वाचून काढावे. पूरक अभ्यासक्रमाच्या भरवशावर राहू नये.

जैन परंपरेने जगाला 'स्यात्' हा शब्द दिला. पुष्कळजण त्याचा अर्थ 'कदाचित' असा करतात. तो तसा नाही. 'अमुक अपेक्षेने', 'अमुक दृष्टीने पाहता' असा त्याचा आशय आहे. विधान करावे, पण ते कोणत्या अपेक्षेने खरे आहे तेही सांगावे, ही ती शिस्त. प्रवेशाच्या बाबतीत मात्र ही शिस्त कोठे जाते कोण जाणे. 'पुढे संगणक मिळेल' असे वाक्य कोणी सल्लागार बोलतो आणि घर ते निरपेक्ष सत्य मानते. त्या वाक्यापुढे अपेक्षा लिहून पाहाव्यात. इतके टक्के टिकले तर. त्या महाविद्यालयात इतक्या जागा उपलब्ध झाल्या तर. नियम तीन वर्षे हाच राहिला तर. शेवटची अपेक्षा सर्वांत महत्त्वाची, कारण जो नियम एकदा सैल झाला तो पुन्हा आवळलाही जाऊ शकतो. मागील वर्षांच्या फेऱ्यांत कोणत्या गुणांवर कोणती शाखा बंद झाली याचे तक्ते शासनाकडून प्रसिद्ध होतात. ते पाहण्यास पैसे पडत नाहीत. तरीही हजारो रुपये देऊन ऐकीव सल्ला घेणारी घरे आहेत. आणि हीच घरे एक ताका घेताना पन्ना मोजून, पोत चोळून, रंग पाण्यात टाकून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाहीत.

कापडावरून एक गोष्ट निघते. मुंबईच्या व्हीजेटीआय या संस्थेची स्थापना १८८७ मध्ये झाली आणि वस्त्रोद्योगाचे शिक्षण हे तिचे अगदी आरंभापासूनचे काम. आज तेथील टेक्स्टाइल शाखा अनेकजण केवळ संस्थेचे नाव मिळावे आणि पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घ्यावी, या हेतूने घेतात. शाखाबदलाची तरतूद पुष्कळ महाविद्यालयांत असते. परंतु ती पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि हव्या त्या शाखेतील रिक्त जागेवर अवलंबून असते. ज्या शाखेतून बाहेर पडण्यास साठ मुले उत्सुक आहेत, तेथून ज्यांची इच्छा पुरी होते ते मोजकेच. बाकीच्यांनी चार वर्षे नाराजीत काढावीत, एवढी ती विद्या हलकी नाही. सूत, वीण, रंग आणि प्रक्रिया जाणणारा अभियंता या राज्यात इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर येथे लागतोच लागतो. कापडाच्या पेढीवर वाढलेल्या मुलाने टेक्स्टाइलला नाइलाजाची शाखा म्हणावे, हे ऐकून आश्चर्य वाटते.

उलट बाजूचाही विचार हवा. जवळ कारखाना आहे म्हणून शाखा घेणे हाही असाच अर्धवट हिशेब ठरतो. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि रसायनीला तिच्यामुळे वसाहत, शाळा, बाजार सर्व काही उभे राहिले. त्या परिसरातील घरांनी मुलांना रसायनाकडे वळविले, ते त्या काळी योग्यच होते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील कामकाज बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्यांनी रसायनशास्त्र आवडीने शिकले होते ते पाताळगंगेत, तळोज्यात, गुजरातेत लागले. ज्यांनी फाटकापुरते शिकले होते त्यांची पंचाईत झाली.

आता वाणिज्य शाखेविषयी, कारण समाजातील निम्म्याहून अधिक घरांचा ओढा अजूनही तिकडेच दिसतो. अकरावी वाणिज्यच्या प्रवेशाच्या वेळी एका रकान्यात निवड करावी लागते, गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती. गणित अवघड, टक्के कमी होतील, म्हणून दुसरा विषय घेण्याची प्रथाच पडली आहे. हा रकाना पाच मिनिटांत भरला जातो. पण पुढे बी.कॉम. झाल्यावर एम.सी.ए. करावेसे वाटले, तर बारावीला किंवा पदवीला गणित होते काय, असे विचारले जाते. संख्याशास्त्राकडे वळायचे असेल, अर्थशास्त्र पुढे न्यायचे असेल, तेथेही गणितच आडवे येते. दार ज्या क्षणी बंद होते त्या क्षणी आवाज होत नाही. तो चार वर्षांनी ऐकू येतो. ज्या मुलास पुढे काय करायचे हे ठाऊक नाही, त्यानेच तर गणित सोडू नये. विज्ञान शाखेतून वाणिज्य वा कला शाखेकडे येता येते. बारावी वाणिज्य करून अभियांत्रिकीकडे जाता येत नाही, हे तर सर्वश्रुत आहे.

बी.एस्‌सी. पदवीधरासही थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीची मुभा आहे. त्याचा बारावीला गणित विषय असावा लागतो, पदविकाधारकांना जागा दिल्यानंतर उरलेल्या जागांवर त्याचा विचार होतो, आणि पहिल्या वर्षाची अभियांत्रिकी चित्रकला व यामिकी हे विषय त्यास सोबतच उत्तीर्ण व्हावे लागतात. बारावीनंतर एकूण सहा वर्षे जातात. तेवढ्यासाठी ही वाट धरणे शहाणपणाचे दिसत नाही. संगणकाचीच आवड असेल तर बी.एस्‌सी. किंवा बी.सी.ए. नंतरची एम.सी.ए. आता दोन वर्षांची आहे.

महाविद्यालय बदलण्याच्या बाबतीत या भागातील घरांनी एक भूगोल ध्यानात ठेवावा. घाट चढला की विद्यापीठ बदलते. कर्जत, खोपोली मुंबई विद्यापीठात. लोणावळा, तळेगाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. खोपोलीच्या मुलास लोणावळा जवळचे वाटते, परंतु एक वर्ष खाली शिकून दुसरे वर्ष वर करावे म्हटले तर स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, दोन्ही अभ्यासक्रमांचा मेळ, असे सारे सोपस्कार उभे राहतात. एकाच विद्यापीठात कर्जतहून मुंबईला जाणे त्या मानाने सोपे. तेथे दोन्ही महाविद्यालयांची संमती आणि रिकामी जागा एवढेच लागते. अर्थात हे 'एवढेच' मोठे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य विषय, गौण विषय आणि श्रेयांक ही रचना आली. मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत सात वर्षांपर्यंत जमा राहतात. पेढी हा शब्द ऐकून व्यापाऱ्यास बरे वाटते. परंतु या पेढीतील ठेव दाखवून दुसऱ्या महाविद्यालयात जागा मागता येत नाही. श्रेयांक बरोबर नेता येतात, जागा मिळवावी लागते. शिवाय मुख्य विषय जेवढा विरळा, तेवढी तो चालविणारी महाविद्यालये कमी. ज्याला पुढे हलायचे आहे त्याने असा मुख्य विषय घ्यावा, जो जेथे जायचे तेथेही शिकविला जातो. हे प्रवेशाआधी दोन दूरध्वनी केल्याने समजते.

अंतराचा हिशेबही यातच येतो. कर्जतपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १०० किलोमीटर आहे, खोपोली त्याहून पुढे. नामांकित महाविद्यालय मिळाले आणि दिवसाचे पाच तास गाडीत गेले, तर नाव मिळाले आणि अभ्यास गेला. येथे वसतिगृहाचा प्रश्न येतो. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले, ते याच गरजेतून. बाहेरगावच्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी शुद्ध आहाराची आणि राहण्याची सोय हवी, हे शंभर वर्षांपूर्वी त्या महात्म्यास दिसले होते.

आणखी एक गोष्ट, दिसण्यास क्षुल्लक. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. राज्यात जैन अल्पसंख्याक दर्जाची अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, ठाण्याचे ए. पी. शहा महाविद्यालय त्यांपैकीच. अशा ठिकाणी समाजातील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र जागा असतात आणि शाखा मिळविण्यासाठी त्या उपयोगी पडतात. पण कागदपत्रांच्या पडताळणीत शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो आणि त्यावर धर्माच्या जागी नुसते 'हिंदू' लिहिलेले आढळते. आजोबांनी शाळेत नाव घालताना गुरुजींनी जे लिहिले तेच पुढे उतरत आले. मूल शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होण्याजोगी असते. शाळा सुटल्यावर ती फार कष्टाची होते. आठवी-नववीत मुले असणाऱ्या पालकांनी दिवाळीपूर्वी दाखल्याची नोंद पाहून घ्यावी.

राहिला ट्रस्टच्या साहाय्याचा विषय. साधर्मिक भक्ती हे या संस्थेचे पहिल्या दिवसापासूनचे कार्य असून शिक्षणसाहाय्याचा अर्ज दर जूनमध्ये घेतला जातो. साहाय्य पुढे चालू ठेवण्यासाठी त्याच अभ्यासक्रमात उत्तीर्ण झाल्याचे पत्रक जोडावे लागते. नियम करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. पैसा वाया जाऊ नये. परंतु जो विद्यार्थी पदविका करून पदवीच्या दुसऱ्या वर्षात जातो, शाखा बदलतो किंवा एका विषयासाठी अडकतो, तो या नियमात बसत नाही आणि नेमक्या अधिक खर्चाच्या वर्षी त्याचे साहाय्य तुटते. नेरळच्या त्या मुलीचे तसेच झाले. फीचा पहिला हप्ता तिच्या मामाने भरला. साहाय्य विद्यार्थ्यामागे जावे, अभ्यासक्रमामागे नव्हे, अशी दुरुस्ती विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत विचारात घ्यावी. प्रवेशफेऱ्या सप्टेंबरपर्यंत लांबतात, म्हणून अर्जाची मुदतही तोवर खुली राहावी. आणि अर्जात 'पुढे शाखा अथवा महाविद्यालय बदलण्याचा विचार आहे काय, असल्यास आज घेतलेली शाखा पूर्ण करण्याची तयारी आहे काय' असा एक रकाना असावा, तो विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात भरावा. वडिलांच्या सहीसाठी अर्जाच्या खाली जागा आहेच.